जंगालाने खाल्लेली जन्मपत्रिका: एका भेंडोळ्याच्या डागडुजीचे प्रकरण

एका संग्रहालयाच्या हस्तलिखित विभागातले हे भेंडोळे आहे. हातकागदावर काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेली जन्मपत्रिका, रुंदी १६ सेंटिमीटर. कागदाचे बंद एकाखाली एक खळीने जोडलेले, सुरुवातीला गणपतीचे छोटे चित्र, मग संवत्सर, तिथी, लग्नकुंडली, राशीकुंडली आणि दशांची लांबलचक कोष्टके. संग्रहालयाचे आणि घराण्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पत्रिका पावणेदोनशे वर्षांची झाली तरी ती कोणाची तरी खासगीच असते.

दोन्ही कडांना रंगीत आखणी आहे. आतून बाहेर येताना आधी तांबडी रेघ, मग पिवळी, मग हिरवी. हिरवी रेघ २ मिलिमीटर रुंद आणि कागदाच्या कडेपासून ९ मिलिमीटर आत. सगळे दुखणे या हिरव्या रेघेत, म्हणजे तिच्यातल्या जंगाल या तांब्याच्या रंगात होते. रेघेखालचा कागद तपकिरी होऊन लांबीच्या दिशेने चिरला होता. कडेची ९ मिलिमीटरची पट्टी बऱ्याच ठिकाणी सुटून रिबिनीसारखी लोंबत होती आणि हात लागला की तिचे बोटभर तुकडे पडत होते. रेघ वरवर पाहता शाबूत दिसे, पण भिंगाखाली पाहिल्यावर रंगाचा थर तेवढा शिल्लक होता. त्याच्या खालचा कागद पापडाइतका ठिसूळ झालेला.

याशिवाय तीन गोष्टी होत्या. बाहेरच्या वेढ्यांना मागून मांजरपाट चिकटवलेला होता. कधीतरी केलेली ही डागडुजी नोंदवहीत नव्हती. किड्यांची भोके होती आणि भेंडोळ्याखालच्या पुठ्ठ्यावर ताजी पूड पडलेली होती. आणि शेवटच्या बंदावर, कोष्टकांच्या खाली, जांभळ्या शाईत दोन ओळींची नोंद कोणीतरी नंतर केलेली दिसत होती.

उघडण्याआधीचा हिशेब

असे भेंडोळे आले की पहिली इच्छा होते ती उलगडून पाहायची. ती दाबावी. बाजूने, म्हणजे वेढ्यांच्या कडा दिसतील अशा बाजूने, मोजपट्टी ठेवून मोठा फोटो काढला की न उघडताच पुष्कळ कळते. इथे बाहेरचा व्यास ४.६ सेंटिमीटर आणि आतल्या पोकळीचा १.४ सेंटिमीटर होता. बाहेरचे साडेबारा वेढे कापडासकट जाड होते, तिथला व्यास ४.६ वरून ३.४ पर्यंत येत होता. आतले सुमारे ४४ वेढे नुसत्या कागदाचे. सरासरी व्यासाला ३.१४ ने गुणून वेढ्यांच्या संख्येने गुणले की कापडाचा भाग १.६ मीटर आणि उरलेला ३.३ मीटर येतो. उलगडल्यावर एकूण लांबी ४.८८ मीटर भरली. टेबल किती लांब लागणार, टिश्यू, म्हणजे सांधायचा पातळ कागद, किती लागणार, कोणत्या टप्प्यावर कापड संपणार हे सगळे या हिशेबावर आधीच ठरवता आले.

किड्यांची भोकेही याच हिशेबात बसतात. गुंडाळलेल्या वस्तूत किडा आरपार जातो, म्हणून एकच भोक प्रत्येक वेढ्यात परत दिसते. बाहेर साधारण साडेचौदा सेंटिमीटरवर, आत सरकत सरकत ४.४ सेंटिमीटरवर. सुटलेल्या तुकड्यावर दोन भोके असतील तर त्यांच्यातले अंतर मोजून तो तुकडा कितव्या वेढ्यातला हे बरेच जवळ सांगता येते. कडेच्या पट्टीचे तुकडे, ज्यांच्यावर अक्षर एकही नाही, ते जागेवर बसवायला दुसरा मार्ग नव्हता.

ताजी पूड म्हणजे किडा जिवंत असू शकतो, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त. गोठवण्याचा मार्ग, म्हणजे उणे २० अंशांवर हवाबंद पिशवीत दोन आठवडे, कागदाला सहसा चालतो. पण कापड, खळ आणि जळलेला कागद थंडीत वेगवेगळे आकसतात, आणि इथे हिरव्या रेघेला तेवढाही ताण नको होता. ऑक्सिजन शोषणाऱ्या एजलेसच्या पुड्या घालून हवा न झिरपणाऱ्या फिल्मच्या पिशवीत भेंडोळे ठेवले. ऑक्सिजन ०.३ टक्क्यांच्या खाली, तापमान २५ अंशांच्या आसपास, मुदत २१ दिवस. या पुड्या तापतात आणि काही प्रकारच्या पुड्या दमटपणाही सोडतात. त्या वस्तूला टेकल्या तर नेमक्या तिथे डाग पडतो, म्हणून मधे पुठ्ठ्याची आडभिंत लागते. रंगांत प्रशियन निळा असता तर हा मार्ग निवडताना थांबावे लागले असते, कारण ऑक्सिजन नसलेल्या हवेत तो फिका पडतो. इथे निळा नव्हता.

थायमॉलची (ओव्याच्या सत्त्वाची) धुरी अजूनही काही ठिकाणी सवयीने दिली जाते. गोंदात कालवलेले रंग आणि जुने रोगण त्याने मऊ पडतात, कागद पिवळा होतो, आणि थायमॉल उडून गेल्यावर संरक्षण काहीच उरत नाही.

हिरवा का जाळतो

हातात धरायच्या, मूलद्रव्ये ओळखणाऱ्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने रंग तपासले. तांबड्यात पारा, म्हणजे हिंगूळ. पिवळ्यात आर्सेनिक, म्हणजे हरताळ. हिरव्यात तांबे, म्हणजे जंगाल. काळ्यात काहीच नाही, कारण काजळाची शाई म्हणजे नुसता कार्बन. एरवी मोडी कागद असोत की बाळबोध पोथ्या, आपल्याकडचे जुने कागद शाईने जळालेले फारसे सापडत नाहीत याचे श्रेय काजळाला आहे. युरोपातल्या लोखंडी शाईसारखी ती कागद खात नाही. आपल्याकडे खाणारा म्हणजे जंगाल.

जंगाल म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आंबट पदार्थ चढवून खरवडलेला हिरवा. त्यातले तांबे सुटे होऊन कागदाच्या तंतूंत उतरते आणि हवेतल्या ऑक्सिजनने तंतू तुटण्याची क्रिया भराभर घडवते. स्वतः ते खर्च होत नाही, त्यामुळे ही क्रिया आपोआप थांबत नाही. दमटपणा आला की तांबे आजूबाजूला पसरते. या भेंडोळ्यात हिरव्या रेघेची तपकिरी सावली तिच्या वरच्या वेढ्याच्या पाठीवरही उमटलेली होती, म्हणजे तांबे नुसते बाजूला नव्हे तर एका पदरातून दुसऱ्यात गेले होते. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटरपर्यंत काळपट पट्टा दिसला. उजेडात तिथला कागद अगदी चांगला दिसत होता. दुरुस्तीची पट्टी किती रुंद घ्यायची हे या काळ्या पट्ट्याने ठरवले, डोळ्यांनी दिसणाऱ्या तपकिरीने नाही.

हिरव्या आणि पिवळ्याच्या शिवेवर केसाएवढी काळपट रेघ होती. हरताळात गंधक असतो आणि तांब्याच्या रंगाशेजारी तो घातला की काळे पडायची भीती असते. आखणी करणाऱ्याने दोन्हींच्या मधे जागा सोडली असती तर बरे झाले असते. बऱ्याच आखण्यांत ती सोडलेली सापडते.

हरताळ आणि हिंगूळ दोन्ही विषारी. धूळ काढताना नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मुखपट्टी, धूळ शोषणाऱ्या यंत्राला हेपा गाळणी, तोंडावर जाळी. पुढच्या बाजूला फक्त मऊ बकरीच्या केसांचा कुंचला. रबराचा स्पंज मागच्या बाजूला आणि तोही रेघांपासून दोन सेंटिमीटर दूर.

मांजरपाटाच्या खळीने आणखी एक गोष्ट उघड केली. सुटलेल्या धाग्यावरची खळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात फिकट निळसर कण होते, आणि ओल्या चाचणीपट्टीवर तांब्याचा रंग उमटला. ही जागा हिरव्या रंगापासून दूर, कागदाच्या मधोमध होती. बायंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. किडा दूर राहिला असेल, पण आधीच तांब्याने जळणाऱ्या कागदाला मागून आणखी तांबे आणि आम्ल मिळाले. तुटक्या तुकड्यांवर पीएच मोजला तेव्हा कापड लावलेल्या भागात तो ४.३ आणि नुसत्या कागदात ५.९ आला. पीएचसाठी मूळ वस्तूवर पाण्याचा थेंब ठेवायचा मोह होतो. पण अशा कागदावर त्या थेंबाची कड कायमची उमटते, त्यामुळे मोजमाप जागा न ठरवता आलेल्या कणांवरच केले.

काय करायचे नाही

जुन्या कागदाची नेहमीची वाट अशी: पाण्यात धुवायचे, आम्ल काढायचे, पुढे येणारे आम्ल मारायला चुन्याचा किंवा मॅग्नेशियमचा अल्कधर्मी साठा द्यायचा, मागून कोझो या जपानी कागदाचे पूर्ण अस्तर खळीने लावायचे. या भेंडोळ्यात यातले एकही करता येत नव्हते.

पाण्याने तांबे पसरते आणि गोंदातले रंग सुटतात. अस्तराची खळ म्हणजे पाणीच. अस्तर लावले असते तर ४.८८ मीटरभर चांगल्या कागदात तांबे ओढले गेले असते. लोखंडी शाईसाठी वापरतात ते कॅल्शियम फायटेट लोहाला बांधते, तांब्यावर त्याचा भरवसा नाही, आणि तेही पाण्यातूनच द्यावे लागते. पाणी नसलेले आम्लहारक फवारे मिळतात, त्यांचा विचार झाला, पण ते हळदीपाशी अडले. पत्रिकेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि शेवटी हळदकुंकू लावलेले होते. हळद चुन्याला भेटली की कुंकू होते हे आपल्या घरात सर्वांना माहीत असते. कागदाला दिलेला कोणताही अल्कधर्मी साठा तेच करतो. कोपऱ्यातल्या सुट्या कणावर थोडे आम्लहारक लावून पाहिले, तो विटकरी झाला. अतिनील दिव्याखाली हळद झळझळीत पिवळी चमकते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बोटांचे हळदीचे ठसेही मजकुरावर जागोजाग आहेत हे कळले. ते सगळे लाल झाले असते.

राहिले ते एवढेच: कोरड्या मार्गाने कापड काढायचे, चिरांना पाण्याविना सांधायचे आणि गुंडाळण्याचा व्यास बदलायचा. जळण्याची क्रिया यातल्या कशानेही थांबत नाही. ती मंदावते ती फक्त साठवणीच्या कोरडेपणाने. हे अहवालात स्पष्ट लिहून दिले, कारण ‘डागडुजी झाली’ अशी नोंद वाचून पुढचा माणूस निर्धास्त होतो.

उलगडणे

वर्षानुवर्षे १.४ सेंटिमीटरच्या पोकळीवर गुंडाळलेला कागद सरळ व्हायला तयार नसतो. एरवी ७५-८० टक्के आर्द्रतेच्या पेटीत काही तास ठेवले की तो नरमतो. इथे वरची मर्यादा ६५ टक्के ठेवली. ५० वरून ६५ पर्यंत दिवसभरात हळूहळू नेले आणि पेटीत आर्द्रतामापक भेंडोळ्याच्या शेजारी ठेवला, पेटीच्या भिंतीला नाही. एवढ्या दमटपणात कागद पूर्ण सपाट होत नाही. पण उलगडताना मोडत नाही, आणि तेवढेच हवे होते.

एका वेळी ३० सेंटिमीटर उलगडायचे. खाली गुळगुळीत पॉलिस्टर फिल्म, म्हणजे कागद ओढला जाण्याऐवजी सरकतो. वजने म्हणून ५०-१०० ग्रॅमच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या, त्याही रेघांच्या आत, मजकुराच्या कोऱ्या जागेवर. मजकूर आतल्या बाजूने गुंडाळलेला असल्यामुळे उलगडताना पुढची बाजू समोर येते आणि दुरुस्ती करायची असते मागच्या बाजूने. म्हणून जसजसा भाग उघडेल तसतसे पुढून तात्पुरते पूल टाकावे लागतात: ४ बाय १० मिलिमीटरचे टिश्यूचे तुकडे, चिरेला आडवे, दर दोन-तीन सेंटिमीटरला एक. मगच तो भाग उलटायचा. उलटताना हॉलीटेक्स (न विणलेले पॉलिस्टरचे कापड), टीपकागद आणि पुठ्ठा असे दोन्ही बाजूंनी सँडविच करून दोघांनी मिळून उलटणे. एकट्याने केले तर पुठ्ठा मधे लवतो आणि पट्टी नेमकी तिथे सरकते.

कापड

बाहेरच्या १.६ मीटरचा मांजरपाट काढायचा की ठेवायचा यावर दोन मते संभवतात. कापड वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे हे खरे. पण मोरचुदाची खळ मागे ठेवणे म्हणजे आजार ठेवणे, आणि कापड-कागद यांची जाडी ०.४५ मिलिमीटर असल्याने गुंडाळताना ताण कागदावर येत होता. काढायचे ठरले.

खळ मऊ करायला जेल, पोल्टिस म्हणजे ओला लेप, खळ फोडणारे अमायलेज एन्झाइम असे चांगले उपाय आहेत, पण सगळे ओले. जुनी खळ मात्र ठिसूळ झाली होती, आणि हेच पथ्यावर पडले. पुढची बाजू खाली, हॉलीटेक्सवर. कापडाचे टोक मागे जवळजवळ पूर्ण दुमडून, कागदाला समांतर ओढायचे. वर उचलायचे नाही. उचलले की कागदाचा पापुद्रा धाग्याबरोबर येतो. हिरव्या रेघेवर एकसंध कापड ओढायचेच नाही. तिथे आधी आडवे धागे एकेक सोडवायचे, मग उभे. उरलेली खळ शस्त्रक्रियेच्या सुरीच्या १५ नंबरच्या गोल पात्याने, पाते जवळजवळ आडवे धरून, खरवडायची. पूड उडते त्यात तांबे आहे, म्हणून शोषयंत्राचे तोंड शेजारीच.

१८ सेंटिमीटरचा एक पट्टा तसाच ठेवला. तिथे खळ जाड होती आणि खाली कागदाचे इतके बारीक तुकडे झालेले होते की कापडच त्यांना धरून होते. तिथले कापड काढायचे म्हणजे तुकड्यांची जागा मोडायची. त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कापडाची कड सूत काढून विरळ करून घेतली, नाहीतर जाड-पातळ शिवेवर कागद नव्याने मोडतो. काढलेले कापड फेकले नाही. वेगळ्या पाकिटात नोंदीसह ठेवले, पत्रिकेला टेकणार नाही असे.

सांधणे

टिश्यू कोझोची, ३.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. चिकटवणी क्लुसेल-जी, म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, इथेनॉलमध्ये. गोंद इथेनॉलमध्ये विरघळत नाही, तांबेही त्यात पाण्यासारखे हलत नाही, म्हणून रंगांच्या दृष्टीने हा मार्ग निर्धोक. १०० मिलिलिटर इथेनॉल ढवळत ठेवून त्यात ४ ग्रॅम पूड चिमटी-चिमटीने भुरभुरायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. एकदम ओतली तर बाहेरून गुळगुळीत आणि आतून कोरडे असे गोळे होतात, ते मग फुटत नाहीत. २ टक्क्यांचे द्रावण आधी करून पाहिले, नुसत्या कागदाला पुरले, पण गुंडाळल्यावर पट्टीची टोके उठली. ४ टक्के ठरले. ६ टक्क्यांना पट्टी चकाकते आणि कडक होते.

शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि तो मिळायला वेळ जातो, हे वेळापत्रकात धरावे. हार्डवेअरच्या दुकानातले स्पिरिट वापरू नये. त्यात घातलेले विकृतीकारक आणि रंग कागदात राहतात. परवाना नसेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, क्लुसेल त्यातही विरघळते.

मायलरवर, म्हणजे पॉलिस्टर फिल्मवर, टिश्यू पसरून तिच्यावरून द्रावण रुंद कुंचल्याने एकदाच फिरवायचे. वाळल्यावर चिकटवणी लावलेली टिश्यू अलगद निघते. तिच्या ८ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, २ मिलिमीटरच्या रेघेवर दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर पकड येईल अशा. अतिनील पट्टा जिथे जास्त रुंद होता तिथे १०. पट्टीची लांब कड सुरीने कापायची नाही, सुईने टोचून फाडायची, म्हणजे तंतू मोकळे राहतात. सरळ कापलेली कड गुंडाळताना पट्टीच्या बाहेर नवी चीर पाडते. तंतूंची दिशा चिरेला आडवी असावी लागते. लांबीच्या दिशेने तंतू असलेली पट्टी दिसायला सुबक बसते, पण चीर धरत नाही.

वापरायची रीत अशी. पट्टी टीपकागदावर ठेवून तिच्यावर इथेनॉलचा कुंचला फिरवायचा. ओली चकाकी जाईपर्यंत थांबायचे, साधारण ५ ते ८ सेकंद. मग चिमट्याने उचलून चिरेवर ठेवायची, हॉलीटेक्समधून बोटाने दाबायची, वर टीपकागद आणि २०० ग्रॅम वजन, १० मिनिटे. चकाकी असतानाच ठेवली तर चिकटवणी कागदात उतरते आणि पुढच्या बाजूला ओलसर छटा दिसते. जास्त थांबले तर ती नुसती पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी गळते. मुंबईच्या मे महिन्यात ही ८ सेकंदे ३ होतात, म्हणून खोली २४ अंशांवर. दार-खिडकी बंद ठेवून इथेनॉल वापरू नये, हवा खेचणारा पंखा हवा, आणि जवळ शेगडी, ठिणगी काही नको.

पट्टी एका अंगालाच, मागून. दोन्ही बाजूंनी लावली तर तेवढा भाग फुटपट्टीसारखा ताठ होतो आणि शेजारच्या कागदावर भार येतो. मागची पट्टी पक्की बसली की पुढचे तात्पुरते पूल इथेनॉलच्या ओल्या कुंचल्याने सोडवून काढायचे. पुलाखाली हिंगूळ सुटा असेल तर तो पुलाबरोबर उठतो, म्हणून पूल टाकतानाच तांबड्या रेघेच्या अलीकडे संपवावेत. कडेचे सुटलेले तुकडे जागा मिळाली तसे बसवले. नऊ तुकड्यांची जागा सापडली नाही. ते पारदर्शक पाकिटात, जिथे सापडले त्या अंतराच्या नोंदीसह ठेवले आहेत. अंदाजाने चिकटवलेला तुकडा पुढच्या माणसाला फसवतो, पाकिटातला फसवत नाही.

जांभळ्या ओळी

शेवटच्या दोन ओळींजवळ इथेनॉल आणायचेच नव्हते. कृत्रिम जांभळा रंग पहिल्यांदा बनला १८५६ साली, त्यानंतर अशा शाया सर्वत्र पसरल्या. सुट्या काठावरच्या एका ठिपक्याला इथेनॉलने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीचे टोक लावले, ती लगेच जांभळी झाली. पाण्यानेही तसेच. म्हणजे नेहमीच्या दोन्ही चिकटवण्या बाद. हिरवी रेघ तिथेही चिरलेली, आणि नोंदीचे शेवटचे अक्षर रेघेपर्यंत गेलेले. तिथे अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे लास्को ४९८ एचव्हीची पातळ लेप दिलेली टिश्यू वापरली. ती कोरडीच ठेवून, सिलिकॉन कागदातून, ७० अंशांच्या आसपास तापवलेल्या चमच्यासारख्या यंत्राने दाबली की चिकटते. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायची नाही. पुढे काढायची झाली तर सॉल्व्हंट लागेल आणि जांभळा तेव्हाही सुटेल, म्हणजे इथे पुढच्या दुरुस्तीची वाट आपण अरुंद केली आहे. म्हणून अशी पट्टी ६ सेंटिमीटरपलीकडे जाऊ दिली नाही.

शकाचा आकडा

दागिने, घर, जमीन यांच्या कागदांपेक्षा पत्रिकेची तारीख ठरवणे सोपे असते, कारण ती स्वतःच सांगते. इथे मात्र किड्याने नेमका शकाचा एक अंक खाल्ला होता. उरले होते ‘शके १७_८ पराभवनाम संवत्सरे’. संवत्सरांचे चक्र ६० वर्षांचे. सतराशेच्या शतकात पराभव दोनदा येतो, शके १७०८ आणि शके १७६८, म्हणजे इ. स. १७८६ आणि १८४६. दोन्ही बसतात. गुरू आणि शनी ६० वर्षांनी पुन्हा जवळपास तिथेच येतात, आणि हे चक्र मुळात गुरूच्या गतीवरूनच आलेले, त्यामुळे त्यांच्या राशी एखाद्या घराच्या फरकाने सारख्याच दिसतात आणि जुन्या गणिताच्या चुका धरल्या तर त्यांच्यावर विसंबता येत नाही. निकाल राहूने दिला. त्याची फेरी साडेअठरा वर्षांची, ती साठात पूर्ण बसत नाही. श्रावणातल्या या कुंडलीत राहू तुळेला आहे. १८४६ च्या श्रावणात तो तुळेतच होता, १७८६ च्या श्रावणात मकर-धनूच्या शिवेवर. शके १७६८.

नोंदवहीत तसे लिहिले. कागदावर मात्र भोक भरताना ६ चा आकडा काढला नाही. भोक तेवढे भरले.

भरणही मोजकेच. जिथे कडेची पट्टी मोठ्या लांबीने गायब होती आणि गुंडाळताना ती पोकळी शेजारच्या कागदाला मुडपेल असे वाटले, तिथेच. कागद मूळ कागदापेक्षा किंचित हलका, आधीच अ‍ॅक्रिलिक रंगाने मूळपेक्षा एक छटा फिका रंगवून पूर्ण वाळवलेला. पत्रिकेवर रंगकाम काहीच नाही. हिरव्या रेघेची तुटलेली जागा कोऱ्या भरणाने तुटलेलीच दिसते.

परत गुंडाळणे

सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोग झाला तो या शेवटच्या टप्प्याचा, आणि त्याला कौशल्य सर्वांत कमी लागते. गुंडाळल्यावर कागदाच्या बाहेरच्या पृष्ठावर येणारा ताण म्हणजे ढोबळ मानाने कागदाची जाडी भागिले व्यास. ०.२ मिलिमीटरचा कागद १४ मिलिमीटरच्या पोकळीवर गुंडाळला तर १.४ टक्के ताण. १० सेंटिमीटरच्या नळीवर ०.२ टक्के. जळलेल्या तंतूंना हा सातपट फरक म्हणजे मोडणे आणि न मोडणे. १० सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घेतली, पत्रिकेपेक्षा दोन्हीकडे ५ सेंटिमीटर लांब. नळीचा पुठ्ठा आम्लयुक्त असतो असे धरूनच तिच्यावर आधी पॉलिस्टर फिल्म, मग आम्लरहित कागद. पत्रिकेचे पंधरा वेढे होतात. प्रत्येक वेढ्यात आम्लरहित पण अल्कधर्मी साठा नसलेला पातळ कागद, मजकुराच्या अंगाला. तांबे पुढे सरकले तर ते या कागदात जाईल, शेजारच्या पदरात नाही. साठा नको, तो हळदीमुळे.

वरून बिनरंगी, धुऊन खळ काढलेल्या सुती कापडाचा रुमाल. दप्तरे लाल रुमालात बांधायची रीत देखणी आहे, पण लाल कापड एकदा भिजले की त्याचा रंग थेट आतल्या कागदापर्यंत जातो. गाठ पत्रिकेवर न येता नळीच्या मोकळ्या टोकावर. नळी खोक्यात दोन्ही टोकांनी टेकवलेली, म्हणजे पत्रिकेचे वजन पत्रिकेवर पडत नाही. खोक्यात ५० टक्के आर्द्रतेला बसवलेली सिलिका जेल, कापडी पुड्यांत. पावसाळ्यात बाहेर ८५-९० टक्के असताना भांडाराचे वातानुकूलन रात्री बंद होत असेल तर पहाटेची आर्द्रता कोणी पाहत नाही. म्हणून खोक्याच्या आत नोंद ठेवणारा मापक आहे. ५५ टक्क्यांच्या वर सलग गेले की जेल बदलायची.

वाचायला मागणी आली तर आधी छायाचित्रे. पूर्ण लांबीची छायाचित्रे, साधा उजेड, तिरका उजेड आणि अतिनील अशा तिन्हींत, डागडुजीआधीची आणि नंतरची, जोडक्रमांकाने ठेवली आहेत. मूळ पत्रिका उघडायची झालीच तर एका वेळी ३० सेंटिमीटर, दोन नळ्यांवर. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चार ठरलेल्या जागी अतिनील छायाचित्र काढून रेघेशेजारच्या काळ्या पट्ट्याची रुंदी मोजायची. पहिल्या मोजणीचे आकडे खोक्याच्या झाकणाच्या आत लावलेल्या कागदावर आहेत, खाली पुढच्या वर्षांसाठी रकाने सोडले आहेत.